स्पीकरखाली काय ठेवायचं? आधी गोधडी, मग खरेदी

एक स्टीलचं ताट घ्या. त्यावर मोबाइल व्हायब्रेटवर ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. आतल्या खोलीतून कोणीतरी विचारेल, काय पडलं म्हणून. आता तोच मोबाइल चार घड्या केलेल्या पंचावर ठेवा आणि पुन्हा रिंग द्या. जेमतेम भुणभुण ऐकू येईल. मोबाइलमधली मोटर दोन्ही वेळा तेवढीच फिरली. पहिल्या वेळी बोंबललं ते ताट.

स्पीकरखाली ठेवायच्या ज्या ढीगभर वस्तू बाजारात मिळतात, म्हणजे रबरी पाय, फोमचे तिरपे ठोकळे, पितळी स्पाइक (टोकदार पाय), स्प्रिंगच्या डब्या, ग्रॅनाइटच्या लाद्या, त्या सगळ्यांच्या मुळाशी हे ताट आणि हा पंचा आहे. दीडशे रुपयांच्या रबरापासून चांगल्या स्पीकरच्या जोडीइतक्या किमतीच्या पायांपर्यंत काहीही विकत घेता येतं. नवखा माणूस तिथेच गडबडतो. नवे स्पीकर घरी आले, शोकेसवर ठेवले, गाणं लावलं आणि बास, म्हणजे खालच्या सुरांचा घुमारा, फुगल्यासारखा वाटला. शोधलं तर कोणी म्हणतं स्पाइक लाव, कोणी म्हणतं स्पाइक काढ आणि रबर लाव. दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांची घरं वेगळी असतात.

म्हणून हा लेख खरेदीपासून सुरू होत नाही. तुमच्या घरात नक्की काय थरथरतंय ते आधी शोधायचं. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच आणि फुकटात सुटतो.

कंप जातो कुठून

तंबोऱ्याची तार एकटी ताणून छेडली तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू जाणार नाही. आवाज मोठा करते ती तबली, म्हणजे पुढची पातळ लाकडी फळी, आणि तिच्यामागचा भोपळा. तारेने फक्त घोडीतून, म्हणजे तार टेकते त्या ठोकळ्यातून, त्यांना हलवायचं असतं. शोकेसवर ठेवलेला स्पीकर नकळत हेच करतो. त्याच्या चार पायांची झाली घोडी, शोकेसच्या पातळ प्लायची झाली तबली आणि आतल्या पोकळीचा झाला भोपळा. तंबोऱ्यात हे मुद्दाम, सुरात लावून केलेलं असतं. शोकेस कोणी सुरात लावलेलं नसतं.

स्पीकरची पेटी स्वतः किती हलते हे एकदा मनात नीट बसवून घ्या, म्हणजे पुढे कोणाच्या जाहिरातीने भुलणार नाही. साडेसहा इंची वूफरचा, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या भोंग्याचा, हलणारा भाग साधारण १५ ग्रॅमचा असतो आणि पेटी समजा ७ किलोची. पडदा ४ मिलिमीटर पुढे गेला तर पेटी वजनांच्या प्रमाणात मागे जाणार, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. डोक्यावरचा केस याच्यापेक्षा जाड असतो. पेटी मागे-पुढे झुलल्यामुळे संगीताचा सगळा तपशील पुसला जातो, हे जे सांगितलं जातं ते मला फारसं पटत नाही. पण तेवढासा कंप एखाद्या मोठ्या, पातळ, पोकळ फळीला मिळाला की ती फळी बोलायला लागते, आणि ते मात्र सहज ऐकू येतं.

आणखी एक वाट आहे, हवेची. स्पीकरचा आवाज हवेतून जाऊन थेट खिडकीच्या काचेला हलवतो. ही वाट स्पीकरखाली काहीही ठेवलं तरी बंद होत नाही. कोणती खडखड पायांतून येते आणि कोणती हवेतून, हे वेगळं करणं ही पहिली दोन कामं.

पहिलं काम: चोर पकडा

मोबाइलवर टोन जनरेटर नावाची फुकट ॲप्स मिळतात. ठरावीक वारंवारतेचा सलग सूर ती वाजवतात. फोन स्पीकरला जोडा, आवाज बोलण्याइतका ठेवा आणि ४० हर्ट्झपासून (सेकंदाला ४० कंप) २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर या. सबवूफर, म्हणजे फक्त बाससाठीची वेगळी पेटी, असेल तर २५ पासून सुरुवात करा. आवाज वाढवायचा मोह टाळा. सलग सूर गाण्यापेक्षा स्पीकरला जड जातो आणि लहान वूफरला ३० हर्ट्झवर रेटलं तर तो जायबंदी होऊ शकतो.

कुठल्या तरी आकड्यावर घरातली एखादी वस्तू अचानक बोलेल. तिथेच थांबा, सूर चालू ठेवा आणि हात लावत फिरा. जिथे तळहात टेकवल्यावर खडखड थांबते, तो चोर. आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

आमच्याकडे ७१ हर्ट्झला डाव्या स्पीकरमधून कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. मी स्पीकर दुरुस्तीला न्यायच्या बेतात होतो, वायरसुद्धा बदलून पाहिली होती. चोर निघाला शोकेसमधला पितळी हत्ती. त्याच्या पाठीवरची अंबारी एका खिळीवर सैल होती आणि ७१ हर्ट्झला ती नाचायची. कान फसतो तो असा. स्पीकरजवळचा प्रत्येक आवाज स्पीकरचाच वाटतो.

नेहमीचे संशयित सांगतो. शोकेसच्या सरकत्या काचा. ॲल्युमिनियमच्या रुळातली खिडकी. भिंतीवरच्या तसबिरी, विशेषतः एकाच खिळ्यावर तिरक्या टेकलेल्या. ट्यूबलाइटची पट्टी. पीओपीच्या छतातले दिवे. लोखंडी कपाटाचं दार आणि त्यावर ठेवलेल्या बॅगांच्या कड्या. स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला लागून असेल तर मांडणीतली ताटं. आणि स्पीकरचीच पुढची जाळी, जी चुंबकावर किंवा चार खुंट्यांवर बसते आणि एक खुंटी अर्धवट राहिली की भुंग्यासारखी वाजते.

खडखड नाही पण बास नुसताच फुगलेला वाटतो, अशा वेळी वाटी कामाला येते. स्टीलच्या वाटीत अर्धी वाटी पाणी घ्या, स्पीकर ठेवलाय त्याच फळीवर ठेवा आणि वर टेबललॅम्पचा उजेड पाडा. सूर वर नेत जा. पाण्यावर बारीक, एकात एक वर्तुळं उठतात तो आकडा त्या फळीचा. आमच्या टीव्ही युनिटवर १२० च्या आसपास पाणी इतकं थरथरायचं की उजेडाची नक्षी छतावर दिसायची. पाणी ॲम्प्लिफायरपासून लांब ठेवा, हे सांगायला नको.

दुसरं काम: गोधडी

आता खरी परीक्षा. घरातली जुनी गोधडी चार-सहा घड्या करून स्पीकरखाली घाला. तोच आकडा, तेवढाच आवाज. गोधडीवर स्पीकर डगमगतो, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी हात धरायला सांगा.

खडखड थांबली किंवा वाटीतलं पाणी शांत झालं, तर कंप पायांतून जात होता. तुम्हाला पॅड उपयोगी पडेल. काहीच फरक पडला नाही, तर वाट हवेची आहे. मग बाजारातला सर्वांत महाग पायसुद्धा काही करणार नाही आणि ते पैसे तुम्ही आत्ताच वाचवलेत. थोडा फरक पडला तर दोन्ही वाटा चालू आहेत, आणि हेच सगळ्यात जास्त घरांत दिसतं.

गोधडी कायमची ठेवू नका. दिसायला बरी दिसत नाही हा एक भाग झाला. पण काही स्पीकरना, विशेषतः सबवूफरना, आवाजाचं भोक किंवा खुद्द पडदाच खालच्या बाजूला असतो. तो गोधडीने बुजतो. असा सबवूफर असेल तर ही परीक्षा करूच नका.

तिसरं काम: फुकटातले आणि जवळपास फुकटातले उपाय

हवेतून हलणाऱ्या वस्तूंचा बंदोबस्त त्या वस्तूपाशीच करायचा. तसबिरीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना खुर्चीच्या पायांना लावतात त्या फेल्टच्या चिकट गोळ्या लावा. सरकत्या काचेच्या रुळात लोकरीची पट्टी मिळते ती भरा. ॲल्युमिनियमच्या खिडकीचं काम करणाऱ्याकडे ती मीटरवर मिळते. पीओपीतल्या दिव्याची स्प्रिंग एकदा काढून घट्ट बसवली की पुरतं. हत्तीच्या अंबारीखाली मी मेण लावलं.

पोस्टर चिकटवायचा टॅक नावाचा रबरासारखा मळलेला लगदा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. फेबर-कॅसलचा ‘टॅक-इट’ आपल्याकडे सर्रास सापडतो. सुपारीएवढ्या चार गोळ्या करून स्पीकरच्या चार कोपऱ्यांखाली लावा आणि स्पीकर वरून दाबा. लोखंडी स्टँडवर लहान स्पीकर ठेवणाऱ्यांसाठी मला याच्याइतका स्वस्त आणि पक्का उपाय माहीत नाही. मांजराने शेपूट मारली तरी स्पीकर हलत नाही. काढताना मात्र वर उचलू नका, पिळून फिरवत सोडवा. मी पहिल्यांदा सरळ उचलला, तर खालच्या व्हिनियरचा पापुद्रा लगद्याबरोबर आला.

आणि जागा. स्पीकर कोपऱ्यातून वीतभर पुढे ओढला तर बासमध्ये जो फरक पडतो, तो कोणत्याही पॅडने पडत नाही. दोन्ही भिंतींच्या बेचक्यात बास वाढतो, तो भिंतींमुळे. फुगलेल्या बासचं खापर कंपावर फोडण्याआधी एक संध्याकाळ नुसते स्पीकर सरकवण्यात घालवा.

धरणं आणि सोडवणं

आता सामानाकडे येऊ. तबल्याखालची चुंबळ दोन कामं करते. तबला जागच्या जागी धरते आणि जमिनीपासून सोडवते. स्पीकरखालच्या वस्तूंकडूनही हीच दोन कामं हवी असतात, पण बहुतेक वस्तू त्यांतलं एकच नीट करतात.

स्पाइक, म्हणजे टोकदार धातूचे पाय, धरतात. ते कंप अडवत नाहीत, उलट खाली पोचवतात. हा प्रकार आला तो ब्रिटन-अमेरिकेतल्या गालिचा अंथरलेल्या घरांतून. जाड गालिच्यावर उंच स्पीकर डुलतो, स्पाइकचं टोक गालिचा भेदून खालच्या पक्क्या जमिनीवर टेकतं आणि स्पीकर उभा राहतो. आपल्या फ्लॅटमध्ये आरसीसीचा स्लॅब, त्यावर सिमेंट, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल. भेदायला गालिचाच नाही. इथे स्पाइकचा खरा उपयोग एकच, उंच स्पीकर समतल करणं. स्क्रू फिरवून प्रत्येक पायाची उंची वेगळी करता येते. नाहीतर ते टाइलवर ओरखडे पाडतात. स्पाइक वापरायचेच असतील तर प्रत्येकाखाली पितळी चकती ठेवा, ती नसेल तर एखादं जुनं जाड नाणं. त्याआधी टाइल दुसऱ्या नाण्याने ठोकून पाहा. पोकळ वाजली तर तिच्याखाली सिमेंट नीट भरलेलं नाही. वीस-पंचवीस किलोचा स्पीकर चार टोकांवर अशा टाइलवर उभा करू नका.

जमीन लाकडी असेल तर सगळं गणित फिरतं. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरात वरच्या मजल्याची जमीन म्हणजे लाकडी वाशांवर ठोकलेल्या फळ्या असतात. ती आख्खी जमीनच तबली. जुन्या वाड्यात माडीवर किंवा लाकडी मजल्याच्या चाळीत राहणाऱ्यांचंही तेच. तिथे स्पाइक लावणं म्हणजे घोडी आणखी घट्ट करणं. तिथे सोडवणारी वस्तू हवी. चांगल्या पॅडचा फरक सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो तो अशाच घरांत.

सोडवणाऱ्या वस्तू म्हणजे फोम, रबर, सॉर्बोथेनसारखी मऊ पॉलियुरेथेन आणि स्प्रिंग. यांच्याबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची, पण ती नीट.

झोपाळ्याला त्याची स्वतःची लय असते. त्या लयीत धक्का दिला तर झोका वाढत जातो. खूप सावकाश ढकललं तर झोपाळा हाताबरोबर नुसता येतो-जातो. आणि भराभर, थरथर धक्के दिले तर तो जवळजवळ जागचा हलत नाही. पॅडवर ठेवलेल्या स्पीकरलाही अशी लय असते आणि कंप अडतो तो या तिसऱ्या प्रकारात. म्हणजे पॅडची लय संगीतातल्या सर्वांत खालच्या सुराच्याही बरीच खाली हवी. ती किती आहे हे पॅड भाराखाली किती दबतो त्यावरून कळतं. साध्या स्प्रिंगचं गणित असं: १ मिलिमीटर दबली तर लय सुमारे १६ हर्ट्झ, अडीच मिलिमीटर दबली तर १०, चार मिलिमीटर दबली तर ८. या आकड्याच्या सुमारे १.४ पटीपासून पुढचेच कंप अडू लागतात. तिप्पट वारंवारतेला जेमतेम आठवा हिस्सा खाली उतरतो. रबर हलताना स्प्रिंगपेक्षा ताठ वागतं, म्हणून त्याचा आकडा थोडा वरचा धरायचा.

याचा सरळ अर्थ असा की जो पॅड स्पीकर ठेवल्यावर अजिबात दबत नाही तो काही अडवत नाही. माझी पहिली खरेदी याच चुकीची होती. वॉशिंग मशीनखाली घालायचे गोल रबरी पाय मी मोठ्या हौसेने आणले. साठ किलोच्या, पाण्याने भरलेल्या यंत्रासाठी केलेलं ते रबर माझ्या सात किलोच्या स्पीकरखाली पाट्यासारखं बसलं. वाटीतलं पाणी पहिल्यासारखंच थरथरत होतं. एसीच्या बाहेरच्या युनिटखालचे पॅड आणूनही हेच होतं. दुसऱ्या टोकाची चूकही मी केली आहे. गादीचा मऊ फोम कापून घातला, तो कागदासारखा चपटा झाला आणि स्पीकर पुढे कलंडला. पूर्ण चेपलेला पॅड आणि अजिबात न दबलेला पॅड, दोन्ही सारखेच निरुपयोगी.

म्हणून खरेदीआधी वजन करा. घरातल्या वजनकाट्यावर स्पीकर हातात घेऊन उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. सात किलोच्या स्पीकरला चार पाय म्हणजे एका पायावर पावणेदोन किलो. हा आकडा घेऊनच दुकानात जा किंवा ऑनलाइन पानावरचा भाराचा तक्ता पाहा. ज्या वस्तूच्या पाकिटावर किती किलोंसाठी आहे हे लिहिलेलंच नाही, ती मी घेत नाही.

सॉर्बोथेनचे अर्धगोल आकार आणि कडकपणा यांप्रमाणे वेगवेगळ्या भारांचे येतात. कंप जिरवण्यात ते चांगलेच आहेत, पण लाकडावर तेलकट डाग सोडतात. मधे पातळ काच, ॲक्रिलिकचा तुकडा किंवा निदान प्लास्टिकची चकती ठेवा. आयसोअकॉस्टिक्स या कॅनडातल्या कंपनीचे गाया नावाचे पाय उंच स्पीकरच्या तळाला स्क्रूने बसतात. त्यांच्या तीन आकारांची वजनमर्यादा ३२, ५४ आणि १०० किलो आहे. ते बसवताना पायावरचं बोधचिन्ह नेमकं पुढे किंवा नेमकं मागे करायचं असतं, कारण ते पाय सगळ्या दिशांना सारखे हलत नाहीत. काम नेटकं आहे, पण टाइलच्या फ्लॅटमध्ये एवढे पैसे घालण्याआधी मी तरी गोधडीचा कौल घेईन. स्प्रिंगच्या डब्यांत सात-सात बारीक स्प्रिंगा असतात आणि त्यांतल्या काही काढून भार जुळवता येतो. सोडवण्याचं काम स्प्रिंगइतकं कोणी करत नाही आणि धरण्याचं काम स्प्रिंगइतकं वाईटही कोणी करत नाही. घरात रांगतं मूल असेल तर उंच स्पीकरखाली स्प्रिंग नको.

घरगुती उपायांत मला दोन आवडतात. पहिला स्क्वॉशच्या चेंडूचा. धारदार पात्याने मधोमध कापायचा, सपाट बाजू खाली, घुमट वर, अशा चार वाट्या. लहान स्पीकरला भार बरोबर जुळतो. दुसरा थोडा मेहनतीचा आहे. स्वयंपाकाच्या ओट्याचं काम करणाऱ्याकडे ग्रॅनाइटचे किंवा कडप्प्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात. ३० बाय ४० सेंटिमीटरचा, दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइटचा तुकडा सुमारे साडेसहा किलो भरतो. त्याच्या कडा घासून घ्यायच्या, खाली मऊ रबर किंवा जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचे चौकोन लावायचे आणि वर टॅकच्या गोळ्यांवर स्पीकर. वजन वाढलं की तेच रबर जास्त दबतं आणि लय खाली येते. नुसती लादी, खाली काही मऊ न घालता, मात्र ताटासारखी वाजू शकते.

टीव्ही युनिटवरच्या साउंडबारला यातलं फारसं काही लागत नाही. त्याचा बास लहान असतो. खाली फेल्टच्या पट्ट्या लावा आणि विसरून जा.

स्टँड

शोकेसवरून स्पीकर उतरवून स्टँडवर ठेवणं हा सगळ्या पॅडांपेक्षा मोठा बदल आहे, कारण तबलीच नाहीशी होते. वरचा छोटा भोंगा, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा. बहुतेक सोफ्यांवर ती ९० ते १०० सेंटिमीटर येते, म्हणून साठ सेंटिमीटरचे स्टँड सर्वांत जास्त खपतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी लोखंडी पाइपाचे करून घेतलेत तरी चालतात. खालची पट्टी वरच्या पट्टीपेक्षा रुंद ठेवायला सांगा.

पोकळ पाइपाला टिचकी मारली तर घंटेसारखा वाजतो. त्यात वाळू भरायची. बांधकामावरची ओली वाळू तशीच भरू नका, आतून गंज धरतो. चाळून घ्या, दोन दिवस उन्हात वाळवा किंवा जुन्या कढईत परतून घ्या. खाऱ्या पाण्याची, किनाऱ्यावरची वाळू तर नकोच. खालचं तोंड वेल्डिंगने किंवा एपॉक्सीने पक्कं बंद आहे ना ते पाहा, नाहीतर रोज सकाळी केर काढताना वाळूची रेघ सापडेल. दोन-तृतीयांश भरलं की पुरे. वजन खालच्या बाजूला राहतं.

सबवूफर आणि खालचे शेजारी

सबवूफरखाली पॅड घालण्याचं सर्वांत चांगलं कारण खालच्या मजल्यावर राहतं. स्लॅबमधून उतरणारा धक्का पॅडने कमी होतो, हे खरं. पण ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते. ती हवेतून भिंती आणि स्लॅब हलवत जातेच. तेव्हा पॅड घातला म्हणून रात्री अकराला युद्धाचे प्रसंग पूर्ण आवाजात पाहता येत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे.

सर्वांत उपयोगी मोजमाप म्हणजे खाली जाऊन ऐकणं. मी खालच्या काकूंना आधी विचारलं आणि वर मुलाला सूर लावून बसवलं. काकूंनी भिंतीला कान लावला, मग म्हणाल्या, “सूर ठीक आहे रे, पण तुमच्या खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो त्याचं काय?” खुर्च्यांना फेल्ट लावलं, आणि सबवूफर कोपऱ्यातून काढून सोफ्याजवळ आणला. जवळ आल्यामुळे त्याचा आवाज कमी ठेवला तरी पुरायला लागला. तक्रार तेव्हापासून नाही. पॅडही घातले, पण श्रेय त्यांना देणं अवघड आहे.

बसवताना

स्पीकरच्या तळाला स्क्रूची भोकं असतील तर आट्याचं माप तपासा. एम ६, एम ८ आणि पाव इंची, हे तीन प्रकार जास्त दिसतात. एम ८ आणि पाच-सोळांश इंच दिसायला जुळे असतात. पहिले दोन आटे हाताने फिरतात आणि मग अडतं. अडलं की थांबा. पान्याने रेटलं तर एमडीएफमधला (पेटीच्या दाबलेल्या भुशाच्या फळीतला) नट कायमचा फिरतो.

वजन चारही पायांवर सारखं नसतं. चुंबक पुढच्या बाजूला असल्यामुळे बहुतेक स्पीकर पुढे जड असतात. मऊ पॅडवर ठेवल्यावर पुढे झुकलेला दिसला तर पुढचे पॅड थोडे पुढे सरकवा, किंवा तीनच पॅड घालत असाल तर दोन पुढे आणि एक मागे घाला. मोबाइलमधलं पाणसळ ॲप स्पीकरच्या माथ्यावर ठेवून दोन्ही बाजू पाहा. शेवटी एका बोटाने माथा हळूच ढकला. एकदा झुलून स्थिर झाला तर ठीक. टकटक वाजला तर एक पाय अधांतरी आहे.

मऊवर मऊ रचू नका. फोमवर रबर, त्यावर स्प्रिंग, अशी उतरंड केली की कोणाची लय कुठे गेली ते कळत नाही, आणि स्पीकर दारूड्यासारखा उभा राहतो.

फरक पडला का?

पैसे घातल्यावर कानाला फरक ऐकू येतोच, तो असो वा नसो. म्हणून परीक्षा दुसऱ्याच्या हातात द्या. डग्गा स्पष्ट आहे असं एखादं तुमच्या ओळखीचं रेकॉर्डिंग निवडा. डग्ग्याचा घुमारा सुटा ऐकू येतो की त्याला शेपूट फुटतं, हे पाहायचं. आवाजाची चकती अजिबात हलवायची नाही. तुम्ही पाठ फिरवून बसा, घरातल्या कोणीतरी पॅड घालावेत किंवा काढावेत आणि सांगू नये. दहा वेळा. आठ-नऊ वेळा बरोबर ओळखलंत तर पॅड राहू द्या. पाच वेळा ओळखलंत तर तेवढं नाणं उडवूनही ओळखता आलं असतं, परत करायची मुदत संपायच्या आत पाकीट बंद करा. आमच्या घरी शोकेसवर मी दहापैकी दहा वेळा ओळखलं, आणि वाळू भरलेल्या स्टँडवर पाच.

नंतर

सहा महिन्यांनी पॅड उचलून पाहा. फोम काही वर्षांत भुरभुरीत होतो, रबर पावसाळ्यात पॉलिशला चिकटून बसतं आणि सगळंच थोडं थोडं चेपत जातं. पहिल्या दिवशी स्टीलच्या पट्टीने पॅडची उंची मोजून वहीत लिहिली असेल तर तुलना सोपी पडते. फरशी पुसणाऱ्या मावशींना सबवूफरच्या कडेने ओलं फडकं फिरवू नका म्हणून सांगून ठेवा. एमडीएफ एकदा पाणी प्यालं की खालची कड पापडासारखी फुगते. आमचा सबवूफर पॅडमुळे जमिनीपासून तीन सेंटिमीटर वर आहे. त्याखालून आता फडकं सहज जातं, आणि घरात त्या पॅडांचं कौतुक होतं ते एवढ्याचसाठी.